चवळीचं मोठं पातेलं

हर्सूल, छ. संभाजीनगर
१७ नोव्हेंबर २०२५

ती. साळूआत्याबाईंस,
सौ. सुरेखाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या बायका काय झालं म्हणून विचारायला येतात. म्हणून हे पत्र गोकुळ ड्रायव्हरच्या जीपमधून कन्नडला पाठवतेय.

तुमचे भाचे दोघंही बरे आहेत. ह्यांच्या आणि सुदर्शनभावजींच्या पाळ्या सारख्या बदलतात. मी कंपनीतून सहाला येते, माझी जाऊ सरिता दुकानातून आठला. जो येईल तो आपापलं वाढून घेतो, लेकरं टीव्हीसमोर बसून खातात.

काळजी आहे ती मामंजींची. सासूबाई गेल्यावर त्यांना आम्ही इकडं आणलं. तेव्हापासून तुमचे हे भाऊ निम्मी भाकरी खातात, बाकीचं ताट झाकून ठेवतात आणि पोट भरलं म्हणतात. सदरा अंगावर नुसता लोंबतोय. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. मानपानात माझं काही चुकू नये म्हणून पाचोडला माहेरी पाहिलं तसंच मी करते. सगळ्यांआधी त्यांचं ताट वाढते आणि गरम गरम त्यांच्या खोलीत नेऊन देते. तरी परवा ते ह्यांना म्हणाले की संक्रांतीनंतर कन्नडच्या घरी जाऊन एकटाच राहीन. बीपीच्या गोळीची रोज आठवण करावी लागते, तिथं कोण करणार?

लोक काय म्हणायचं ते म्हणोत, मलाच त्यांनी जायला नको आहे. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मी कामावरून आले की दमलीस का असं विचारणारं माणूस ह्या घरात एकच आहे.

तर ते आवडीनं खातील असं काहीतरी सांगा. झटपट व्हायला हवं आणि आम्हा आठ जणांना पुरायला हवं. भाज्यांना सध्या हात लावायची सोय नाही, पाव किलोच्या वर आणवत नाही.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर नक्की लिहा.

तुमची
सुरेखा

---

कन्नड
२१ नोव्हेंबर

चि. सौ. सुरेखास,
साळूआत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर लई बारीक. चष्मा पुसून पुसून वाचलं, आता डोळे गेले तर तुझ्याच दारात येऊन बसंन.

तुझ्या सासऱ्याला ल्हानपणापासून चवळी आवडती. सकाळी कामावर जाताना तीन वाट्या चवळी भिजत घालून जा. संध्याकाळी आल्या आल्या कुकरला लाव, दोन-तीन शिट्ट्या पुष्कळ झाल्या. तवर लसूण ठेचून घे. तेलात लसूण लाल होऊ दे, मग कांदा, हळद, काळं तिखट, अन् शिजलेली चवळी पाण्यासकट ओत. डब्यात येसर पाठवलाय. पाचोडच्या लेकीला येसर काय सांगायचा, पण कंपनीत जाऊन इसरली असशील. भाजलेल्या धान्याचं अन् मसाल्याचं पीठ हाये ते, आधी गार पाण्यात कालव, नायतर गुठळ्या होतील. त्यानं आमटी दाट होती अन् वाढती बी. भाकरी सरिताला टाकू दे, तुझ्या भाकरीचा नकाशा होतो हे मी लग्नातच बघितलंय.

एक ध्यानात ठेव. बोअरच्या पाण्यात कडधान्य शिजत नाय. नळाचं पाणी वापर.

कारभारी इकडं आला तर मला बरंच हाये. भिंतीला भिंत लागून घर, दिवसभर बोलायला माणूस. पण त्याला स्वतःचा चहा बी करता येत नाय, तो एकटा काय राहणार. आधी चवळी करून बघ अन् कळव.

लेकरांना माझ्या नावानं एक एक पापा दे.
साळूआत्या

---

हर्सूल
३० नोव्हेंबर

ती. आत्याबाईंस,
सुरेखाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही आणि फसले. नळाला पाणी यायला अजून चार दिवस होते, मला दम निघाला नाही, बोअरचं पाणी घातलं. सात शिट्ट्या झाल्या तरी चवळी कडक. लेकरांनी ताटात गोट्या खेळायला घेतल्या. सरिता अजून हसतेय.

मग नळाचं पाणी आलं तसं पुन्हा केलं. आत्याबाई, काय झाली होती म्हणून सांगू. माझं सगळं काम अर्ध्या तासात उरकलं. भावजींनी तिसरी भाकरी मागून घेतली. लेकरांनी चुरून खाल्ली आणि वाट्या चाटल्या.

मामंजींनी मात्र निम्मीच भाकरी खाल्ली. हुबेहूब अक्काच्या, म्हणजे तुमच्या हातची झाली म्हणाले, आणि ताट झाकून ठेवलं. म्हणजे चवीचा प्रश्न नाही. मग मी सरळच विचारलं, माझं काही चुकतंय का. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की तुम्हा कुणाचं काही चुकत नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची त्यांची पेटी खाली काढून घेतली. आता तिच्यात एक एक कपडा घडी करून ठेवतायत.

तुम्हाला काही माहीत असेल तर लपवू नका. मला वाईट वाटेल असं असलं तरी सांगा.

तुमच्या शब्दाची वाट बघणारी
सुरेखा

---

कन्नड
३ डिसेंबर

चि. सौ. सुरेखास,
आत्याचे आशीर्वाद.

सासऱ्याचं बोलणं सुनेच्या कानावर घालू नये म्हणून गप होते. पण पेटीचं वाचलं अन् राहवलं नाय.

भाऊबीजेला आला तवा तो मला सांगत होता. तुमच्यात भाजी पाव किलो येती, पातेलं ल्हान. एकदा तो पाणी प्यायला आत आला, तर तू कढईत भाकरी फिरवून, पुसून पुसून खात होतीस. त्याला वाटलं, आपण येऊन बसलो अन् सुनेला उरंना झालं. म्हणून तो निम्मं ताट मागं ठेवतो, तुमच्यापायी. अन् जायचं म्हणतो ते बी त्याच्यापायीच. मला बी खरं वाटलं होतं, म्हणून तर तुला चवळी सांगितली, स्वस्तात सगळ्यांचं पोट भरंल म्हणून. खरं काय ते तुझं तुला माहीत.

त्याचं असं हाये. बाहत्तरच्या दुष्काळात आमची आई आम्हाला वाढायची अन् माझं मघाच झालं म्हणायची. एक दिवस ह्यानं जाऊन पातेल्यावरचं झाकण काढलं. आत काय बी नव्हतं. तवापासून तो भांड्यात बघितल्याबिगर पोटभर जेवत नाय. तुझ्या सासूनं हे वळखलं होतं, ती पातेलं त्याच्याजवळच आणून ठेवायची. तू मानानं खोलीत ताट नेऊन देतीस, पण तिथं त्याला पातेलं दिसत नाय अन् तुम्ही जेवताना बी दिसत नाय.

मोठं पातेलं काढ. सगळे एका पंगतीला बसा, पातेलं मधोमध ठेवा. अन् तू त्याच्या समोर बसून जेव.

तो इकडं यावा असं मला लई वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तो असा उपाशी यायला नको.

जपून राहा.
साळूआत्या

---

हर्सूल
८ डिसेंबर

ती. आत्याबाईंस,
सुरेखाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग रडले. आत्याबाई, कढई पुसून खायची मला लहानपणापासून खोड आहे. तळाला लागलेला मसाला आणि त्यात भाकरीचा तुकडा, ह्यासाठी मी ताटावरून उठून येते. कढईत खाल्लं की लग्नात पाऊस पडतो म्हणून आई पाठीत धपाटे घालायची, आणि माझ्या लग्नात मांडव गळला ते तुम्ही पाहिलंच आहे. भाजी महाग म्हणून पाव किलो आणते, पण आमच्या घरात खायला कमी नाही हो. पातेलं लहान, कारण माणसं वेगवेगळ्या वेळी येतात आणि शिळं कुणी खात नाही, म्हणून मी थोडं थोडं करते.

काल रविवारी सगळे घरी होते. सत्यनारायणाला काढतो ते मोठं पातेलं घेतलं आणि काठोकाठ चवळी केली. सरितानं बाजरीच्या भाकरीची चळत लावली. टीव्ही बंद केला, सतरंजी टाकली, पातेलं मधोमध. मामंजींना हाक मारली तर ते दारातच थांबले. मग येऊन बसले आणि पहिल्यांदा पातेल्यात वाकून बघितलं. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच. सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत त्यांनी अन्नाला हात लावला नाही. मी माझं ताट घेऊन समोर बसले. मी दोन घास खाल्ल्यावर त्यांनी भाकरी मोडली.

अडीच भाकरी खाल्ल्या, आत्याबाई. मध्ये स्वतःच्या हातानं पळी घेतली, पुन्हा आत बघितलं, आणि अजून वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर मी सगळ्यांदेखत कढईची खोड सांगितली. मामंजी ठसका लागेपर्यंत हसले. मग हे सगळं कुणी सुचवलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. ते वाचून बराच वेळ ओट्यावर बसून होते. संध्याकाळी कागद मागितला. सोबत त्यांची चिठ्ठी आहे, मी वाचलेली नाही.

आता रोज रात्री साडेआठला सगळ्यांनी एकत्र बसायचं असं सरितानं आणि मी ठरवलंय. ज्याची पाळी असेल तेवढा सुटेल.

हे सगळं तुमच्यामुळं झालं. असाच हात पाठीवर असू द्या.
सुरेखा

---

हर्सूल
रविवार

ती. अक्कास,
कारभारीचा दंडवत.

माझ्या मनातलं तू सुनेला लिहून टाकलंस. पत्र वाचून आधी राग आला, पण ओट्यावर बसल्या बसल्या गेला. पेटीतले कपडे शिवराज नातवानं परत कपाटात लावले. संक्रांतीला तुला भेटायला येईन, पण राहायला नाय. तू वाट बघत होतीस हे मला कळतं. सून पोटच्या लेकीसारखी हाये, तिच्या घरात मला आता परकं वाटत नाय.

आईचं तू लिहिलंस ते खरं हाये. पण एक गोष्ट लिहिली नायस. त्या साली संध्याकाळी जेवायला बसलं की तुझं पोट दुखायचं. आई तुला ओवा द्यायची अन् तुझी भाकरी माझ्या ताटात टाकायची. मी तवा दहा वर्षांचा, मला ते खरंच वाटायचं. झाकण काढून आईचं बघितलं, पण तुझ्याकडं बघितलं नाय. आज तुझं पत्र वाचता वाचता एकदम मनात आलं, रोजच्या रोज कुणाचं पोट कसं दुखंल. लई रडू आलं, म्हणून बाहेर जाऊन बसलो.

मी इथं पोटभर जेवतोय, माझी काळजी करू नको. तू एकटीसाठी चूल पेटवतीस का, रात्री काय खातीस, ते लिही. अन् ह्या बारीला खरं लिही.

तुझा
कारभारी