वाळत घालायचा हक्क

कोल्डशील,
४ एप्रिल

तू पाठवलेला कायदा मी गावच्या सभागृहात सगळ्यांसमोर उभी राहून वाचला, आणि त्या बॅनफील्डच्या वकिलाने दोन वाक्यांत माझी विकेट काढली. म्हणाला, बाई, हा कायदा इंग्लंडचा आहे. तुम्ही ट्वीड नदीच्या या अंगाला, स्कॉटलंडात राहता. मागच्या बाकांवर एकदम सगळ्यांना खोकला झाला. त्यात माझी धाकटी जाऊसुद्धा होती.

चि. मॉर्व्हनला आजीचे आशीर्वाद, उरलेत तेवढे.

न्यूकॅसलला जाऊन एवढा कायदा शिकतेस आणि आपली आजी कुठल्या देशात राहते तेच विसरलीस? याच हिरवळीवर माझ्या चादरींना लोंबकळून दोरी तोडली होतीस, तेव्हा तरी पाय कुठल्या जमिनीवर आपटलेस ते आठव.

बॅनफील्डने घातलेलं कुंपण अजून तसंच आहे. म्हाताऱ्या डूगलच्या पोराने घर विकलं, त्याबरोबर मागची हिरवळही बॅनफील्डकडे गेली. त्याला म्हणे चहा पिताना समुद्र दिसायला हवा, मध्ये माझे परकर नकोत. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं धुणं तिथेच वाळतंय. आता स्वयंपाकघरात खुर्च्यांवर वाळतं आणि प्यायच्या सुपाला साबणाचा वास येतो. शेजारच्या एफीकडे तीच तऱ्हा. ती रडते. मला रडू येत नाही, राग येतो. त्याने निदान अंगात ऊब राहते.

वकील म्हणाला, महिनाअखेर हक्क दाखवा, नाहीतर कुंपण कायम. तेव्हा पुन्हा शोध, आणि या अंगाचं शोध. लोभ असेल तर तो कामात दिसू दे.

आजी

न्यूकॅसल,
९ एप्रिल

ती. आजीस, मान खाली घालून मॉर्व्हनचा नमस्कार.

चूक पूर्ण माझीच. सरकारने सगळे कायदे इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. कुठलं कलम कुठल्या भागाला लागू, हेही तिथेच लिहिलेलं असतं. मी कलम वाचून इतकी खूश झाले की तेवढं बघायचंच राहिलं. गावाची हिरवळ म्हणून जमिनीची नोंद करायची त्या कायद्यातली सोय आपल्याकडे नाहीच.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. नुसतं कपडे वाळवण्याची जागा आणि हक्क असं टाकलं, तर पानभर दोऱ्यांच्या आणि खांबांच्या जाहिराती आल्या. शेवटी आमच्या ग्रंथालयाचं स्कॉटलंडच्या कायद्यासाठी वेगळं पान आहे ते उघडलं. कायदे कुठे, कोर्टांचे निकाल कुठे, फार जुने निकाल कुठे, सगळं त्यावर दिलंय. तेव्हा कळलं, मी हक्काचं इंग्लंडमधलं नाव टाकून शोधत होते. आपल्याकडे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या अशा हक्काला सर्व्हिट्यूड म्हणतात. ते नाव टाकल्यावर निकालांची रीघ लागली.

तर आजी, आता नीट ऐक. एखाद्या घराने दुसऱ्याच्या जमिनीचा असा वापर सलग वीस वर्षं उघडपणे केला, आणि कोणी कोर्टात अडवलं नाही, तर तो हक्क त्या घराला मिळतो. कपडे वाळवण्याचा हक्क तर आपल्या कोर्टांनी अठराव्या शतकातच मानलाय, तोही समुद्रकाठच्याच एका गावाच्या खटल्यात.

फक्त एका गोष्टीची धास्ती वाटते. वापर मालकाच्या परवानगीने केलेला असेल, तर तो हक्क नसतो, मालकाची मेहेरबानी असते. तू डूगलआजोबांना कधी विचारलं होतंस का? खरं काय ते लिही. माया आहेच, ती या पत्रानंतरही राहू दे.

तुझी मॉर्व्हन

कोल्डशील,
१३ एप्रिल

चि. मॉर्व्हनला आशीर्वाद. या खेपेला जरा जास्त.

विचारलं? मी? डूगलनेच एकदा मला विचारलं होतं, मीना, माझ्या जमिनीवर तू कशाच्या जोरावर चादरी टाकतेस? मी म्हटलं, चिमट्यांच्या. ते माझ्या जावेने ऐकलंय. सभागृहात खोकली ना, आता साक्षीला उभी राहू दे.

पण तुझं पत्र मी एफीला वाचून दाखवलं आणि पस्तावले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती दर नववर्षाच्या दिवशी, आपल्या रिवाजाप्रमाणे वर्षाची पहिली पाहुणी म्हणून, डूगलच्या उंबऱ्यात पाऊल टाकायची, सुक्या फळांचा काळा केक घेऊन, आणि विचारायची, यंदाही धुणं घालू ना? तो म्हणायचा, घाल की एफी, विचारतेस काय? सगळ्या गल्लीला हे ठाऊक आहे. बॅनफील्डच्या वकिलालाही कोणीतरी सांगितलंच असणार.

म्हणजे मला हक्क, आणि रीतसर विचारणाऱ्या एफीला काही नाही? हा कायदा कोण्या उर्मट माणसाने लिहिलाय का? माझ्यासाठी चांगलाच आहे, पण तिच्यासाठी आणखी शोध. मायेने लिहिते आहे असं समज.

आजी

न्यूकॅसल,
१८ एप्रिल

ती. आजीस सप्रेम नमस्कार.

सोबत कलम आणि निकाल छापून पाठवलेत. या खेपेला कुठे लागू ते आधी पाहिलं, मग मैत्रिणीकडूनही तपासून घेतलं. ते कुठून घेतले तेही खाली लिहिलंय, म्हणजे वकील स्वतः उघडून बघू शकेल.

एफीआजीसाठी मात्र हाती काही लागलं नाही. कोर्टाचे निकाल चाळले, ग्रंथालयातली पुस्तकं पाहिली, सरांनाही विचारलं. डूगलआजोबांची परवानगी नव्या मालकाला बांधत नाही. आता बॅनफील्डने स्वतः हो म्हटलं तरच. विचारायला गेलात तर एफीआजीपुरतंच विचारा. ‘आम्हाला’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस, नाहीतर तुझा हक्कही मेहेरबानी ठरेल. रागावू नकोस, जपून राहा.

तुझी मॉर्व्हन

कोल्डशील,
२ मे

चि. मॉर्व्हनला भरभरून आशीर्वाद.

वकिलाने तुझे कागद नेले, दोन दिवसांनी परत केले, आणि काल कुंपण कापून माझ्यापुरती वाट काढली. आज वारा छान होता. सगळ्यात मोठी चादर बॅनफील्डच्या खिडकीसमोर घातली.

एफी आली नाही. माझ्याच दोरीवर घाल म्हटलं, तर म्हणाली, ती चोरी होईल. परक्या माणसाला विचारायची तिची छाती होत नाही. खुर्चीवर उशीचे ओले अभ्रे टाकून बसली होती. मला ते बघवेना, म्हणून मीच गेले. बॅनफील्डने चहा विचारला, मी नको म्हटलं. म्हटलं, एफीला तिची दोरी बांधू दे. तो हसून म्हणाला, हे विचारणं झालं की हुकूम? तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी ‘कृपा करून’ असं म्हणाले. माशाचा काटा अडकावा तसा शब्द घशात अडकला, पण काढला बाहेर. आणि तू बजावलं होतंस तसं फक्त एफीचंच नाव घेतलं.

अभ्यास नीट कर. माझ्यावरची माया आहे तेवढी पुरे, वाढवून ठेवायला घरात जागा नाही.

बॅनफील्ड म्हणाला, बायकोशी बोलून वकिलाकरवी कळवतो. मी म्हटलं, चालणार नाही. मी स्वतः येऊन विचारलंय, तर उत्तरही तुम्हीच द्यायचं. एफीच्या दारात उभं राहून, तिच्या तोंडावर. वकिलाने नाही, बायकोने नाही.

आजी