शेवटचे शब्द, सुधारून

आदरणीय अक्का,

तुम्हाला आणि साडूभाऊंना नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही बापलेक बरे आहोत. म्हणजे जेवतो, झोपतो, आणि कोणी विचारलं तर बरे आहोत असं सांगतो.

तुमच्या धाकट्या बहिणीला जाऊन वर्ष होत आलं. एवढ्यात तिचा काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पण तुम्ही ज्या सल्लागार बाईंचा नंबर दिलात, त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की तुमच्या भाचीचे मार्क चांगले आहेत, पण चांगले मार्क हल्ली सगळ्यांनाच असतात. कॉलेजचा अर्ज गर्दीत उठून दिसायला हवा. (तिला हव्या त्या कॉलेजात जागा मोजक्या, आणि दुसरं कुठलं कॉलेज तिला नको. हट्टीपणा कुठून आला ते तुम्हाला सांगायला नको.)

आधी समाजसेवा उरकली. बाईंच्या ऑफिसमागे एक रोपटं होतं. येणारं प्रत्येक मूल ते लावताना फोटो काढून घ्यायचं आणि उपटून पुढच्याच्या हातात द्यायचं. आमची पाळी येईतो त्याने मान टाकली होती. फोटोत मुलीने ते काठीला बांधून उभं केलं आहे.

मग निबंधाची वेळ आली. बाईंनी घरात कोण कोण असतं ते विचारलं. मी सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. (लगेच आवरला, खोटं कशाला बोलू.) "अहो, हे आधी नाही का सांगायचं!" म्हणाल्या. बाहेर बाकावर एक गृहस्थ मुलाला घेऊन बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे काय आहे?" मी म्हटलं, "बायको." त्यांनी उसासा टाकला. "आमच्याकडे चारही आजी-आजोबा ठणठणीत हो. पोराने लिहायचं तरी कशावर?"

पण आमच्याही मालात खोट निघाली. आजार फारच साधा होता. शिवाय चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी आई, ती गोरगरिबांना फुकट चष्मे देत असे का? मी म्हटलं, छे, घासाघीस करणाऱ्याला ती काउंटरवरूनच वाटेला लावायची. ते वगळलं गेलं. मग शेवटचे शब्द विचारले. मी आठवून सांगितलं: दवाखान्यात निघताना दारात थांबून ती मला म्हणाली होती, "दुधावर झाकण ठेवा हो." बाईंनी ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. पुढच्या भेटीत निबंध तयार होता. त्यात आई मुलीचा हात हातात घेऊन म्हणते, "तुझ्या स्वप्नांवर कधी झाकण ठेवू नकोस." अक्का, झाकण तेवढं खरं ठेवलंय.

मुलीने सगळं शांतपणे वाचलं. म्हणाली, "बाबा, ही निबंधातली बाई छान आहे हो. हिला भेटायला आवडलं असतं." आणि निबंध पुसून टाकला. मग विचारलं, "आई शेवटी खरंच काय म्हणाली?" मी दुधाचं सांगितलं. ती म्हणाली, "ते घरातलं. त्यानंतर दोन दिवस होती ना ती?"

मुदत उद्या संपतेय, बाई फोनवर फोन करताहेत, आणि मुलगी खोलीचं दार लावून बसलीय. नंबर तुम्ही चांगल्या मनाने दिलात हे मी जाणतो. फक्त यापुढे कोणाला देऊ नका.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. मुलीने आत्ताच अर्ज पाठवला. निबंध तिचा तिनेच लिहिलाय, त्या रोपट्यावर. किती जणांनी लावलं, कसं मेलं, काठी कोणी बांधली, सगळं खरं खरं. प्रवेश मिळो न मिळो, उठून मात्र दिसेल.

आणखी एक. शेवटी दवाखान्यातल्या खोलीत तुम्ही होतात. मी खाली औषधं आणायला गेलो होतो. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. ती काही बोलली का? अर्ज गेलाय, त्यामुळे आता सांगायला हरकत नाही. काहीच बोलली नसेल, किंवा दुधाचंच विचारलं असेल, तरी तसंच कळवा. सुधारू नका.