पारव्या रंगाचा धूर

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (हल्ली वाकवत नाही, त्यामुळे बसूनच घातला आहे असं समज). आम्ही सगळे खुशाल आहोत. माझी तब्येत उत्तम आहे, तुझ्या वहिनीची माझ्याहून उत्तम आहे आणि अण्णा जेवतात, झोपतात, वर्तमानपत्र उलटं धरून का होईना, वाचतात. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा सल्ले देण्याचा आजार आता कितपत आटोक्यात आहे?

परवा फोनवर तू म्हणालीस की गाडी विकून टाक आणि अण्णांकडून किल्ली काढून घे. मी 'बघतो' म्हणालो आणि तू फोन आपटलास. तुझंही बरोबर आहे. ज्या घरातली गाडी सुरू करताना धुमसते, त्या घरात ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या हातात किल्ली देऊ नये, हे कोणालाही कळतं. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो आहे. चिडून अर्ध्यावर टाकू नकोस. सगळं वाच.

सकाळी गाडी अण्णाच सुरू करतात, हे तुला माहीत आहेच. मी चष्म्याच्या दुकानात निघायच्या आधी ती गरम झालेली असावी, असा त्यांचा आग्रह. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी बॉनेटच्या फटींतून धूर यायला लागला. सोबत जळका वास. मी आणि तुझी वहिनी धावत बाहेर गेलो, तर अण्णांनी गाडी बंद करून आम्हाला हाताने लांब हाकललं ('मागे व्हा, तुम्हाला त्यातलं काय कळतं'), बॉनेट उघडून आत काहीतरी खुडबुड केली आणि बॉनेट खाली आपटून म्हणाले, 'काही नाही.' काही नाही म्हणजे काही नाही. आम्ही आत आलो. दोनतीन दिवस खरंच काही झालं नाही आणि मग पुन्हा तोच धूर.

आता इथे भाऊजींचा प्रवेश होतो. त्यांनी फोनवरून मला एकच प्रश्न विचारला, धुराचा रंग कोणता? पांढरा असेल तर इंजिनात पाणी शिरतंय, निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. (हे ज्ञान त्यांना कुठून मिळतं ते विचारून ठेव. ज्या माणसाला स्वतःच्या घरातला गॅस पेटवता येत नाही त्याला ज्वलनाची इतकी माहिती असावी, हे नवल आहे.) मी रंग ठरवायला गेलो तर घरात भांडण. मला धूर राखाडी दिसला. शेजारचे निवृत्त मास्तर, ज्यांना आम्ही सल्लागार म्हणतो, ते निळसरवर अडून बसले. तुझी वहिनी म्हणाली, दोघांनाही रंगातलं कळत नाही, हा सरळसरळ पारवा आहे. मी मेकॅनिकला जाऊन सांगितलं की धूर पारवा आहे. तो म्हणाला, 'साहेब, आमच्याकडे तीनच रंग असतात.'

त्याने बिचाऱ्याने सगळं तपासलं. फॅनबेल्ट बदलला, वायरी चाचपल्या, क्लच हुंगून पाहिला. त्याच्याकडे गाडी नेली की तिला ना धूर, ना वास. घरी आणली की आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी त्याला इंजिनापाशी कापसाचे पिंजलेले तुकडे मिळाले आणि त्याने निदान केलं, उंदीर. थंडीत उंदीर उबेला येतात, घर करायला चिंध्या आणतात आणि सकाळी त्या चिंध्या पेटतात. निदान इतकं चोख होतं की मी त्याला चहा पाजला. मग गाडीखाली पिंजरा लावला, औषध ठेवलं. सल्लागारांचं मांजर दोन दिवस उसनं आणलं (ते बॉनेटवर झोपलं आणि उंदरांचं काहीही वाकडं न करता परत गेलं). उंदीर काही सापडला नाही. वास मात्र घरभर. अण्णा दिवसभर आईचं ते तपकिरी पांघरूण खांद्यावर घेऊन बसतात ना, त्यालासुद्धा जळका वास यायचा. तुझी वहिनी म्हणायची, बघा, कुठवर पोचलाय. आम्ही ते दोनदा धुतलं आणि वाळत घातलं. ताई, तुझा भाऊ लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढून पोट भरतो, हे या ठिकाणी लक्षात घे.

शेवटी मी ठरवलं की उंदीर प्रत्यक्ष पकडायचा. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून, हातात झाडू घेऊन, गाडीच्या मागे स्टुलावर दबा धरून बसलो. दिवेलागणीला मागचं दार वाजलं आणि अण्णा बाहेर आले. खांद्यावर पांघरूण, हातात टॉर्च. बॉनेट उघडलं. पांघरुणाची चौपदरी घडी घातली, ती इंजिनावर पसरली आणि कडा नीट आत खोचायला लागले. आपण लहान असताना पायांखाली खोचायचे, अगदी तसंच. मी उठलो तसं त्यांनी वळून पाहिलं. दचकले नाहीत. म्हणाले, 'तू होय. टॉर्च धर जरा.' मी एका हातात झाडू आणि एका हातात टॉर्च धरून उभा राहिलो. मी विचारलं, 'अण्णा, हे कशाला?' तर म्हणाले, 'गारठली की सकाळी सुरू होत नाही. तुझ्या आईला न्यायचंय ना.'

आता तुला आठवेल. कारखान्याची बस चालवायचे तेव्हा थंडीत ते रात्री इंजिनावर पोतं टाकायचे आणि सकाळी पहिलं काम म्हणून काढायचे. टाकायचं त्यांना आठवतं. काढायचं कधी आठवतं, कधी नाही. धूर दिसला की मग आठवतं, आणि लाज वाटते, म्हणून आम्हाला लांब हाकलतात आणि पांघरूण गुपचूप खांद्यावर घेऊन आत येतात.

आई गेली त्या सकाळी तू इथे नव्हतीस म्हणून सांगतो. आई पायरीवर बसली होती, तेच पांघरूण गुंडाळून, पिशवी मांडीवर घेऊन. अण्णा किल्ली फिरवत होते आणि गाडी सुरू होत नव्हती. आई त्यांना म्हणत होती, 'होईल हो, घाई करू नका.' शेवटी सल्लागारांच्या गाडीतून नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता. ते मला पटलं. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत, त्यामुळे मला वाटलं त्यांनाही पटलं.

गाडी विकली किंवा किल्ली काढून घेतली, तर रोज सकाळी गाडी सुरू होणार नाही. ती सकाळ त्यांना रोज भोगायला लावायची का, एवढंच मला तुला विचारायचं आहे. तू नेहमी म्हणतेस की मी अण्णांच्या चुकांवर पांघरूण घालतो. सध्या मी ते काढतो. अण्णा उठायच्या आत जाऊन इंजिनावरून काढतो आणि त्यांच्या खुर्चीवर ठेवून येतो. मग ते बाहेर येतात, किल्ली फिरवतात, गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. तेव्हा त्यांचा चेहरा तू पाहायला हवास. हिवाळा सरेपर्यंत तरी मी किल्ली काढून घेणार नाही. भाऊजींना सांग, निदान झालं आहे, रंग पारवाच होता.

भाऊजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. – आईची दोन पांघरुणं होती. एक तू नेलंस. इथलं मधोमध जळून त्याला हात जाईल एवढं भोक पडलं आहे. मी दुसरं नवं आणून दिलं, तर अण्णांनी ते गाडीवर न घालता मलाच पांघरलं. तुझ्याकडचं पाठवशील का?

आणखी एक ता.क. – पाठवू नकोस, घेऊनच ये. माझी तब्येत उत्तम नाही. हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं आहे. तुझी वहिनी माझ्यासोबत दवाखान्यात असेल, तेव्हा सकाळचं पांघरूण काढायला घरात कोणीतरी हवं. सल्लागारांना सांगणार होतो, पण ते आधी रंगावर चर्चा करतील.

शेवटचं ता.क. – गाडी सुरू झाली की अण्णा घराकडे तोंड करून हाक मारतात, 'चल, झाली सुरू.' इतके दिवस मला वाटायचं, दुकानाला उशीर होतोय म्हणून मला बोलावतात, आणि मी 'आलो' म्हणायचो. आता मी गप्प राहतो. ते थोडा वेळ पायरीकडे बघत उभे राहतात, मग गाडी बंद करून चहाला आत येतात. तुझा आवाज हुबेहूब आईसारखा आहे, सगळेच म्हणतात. ओ द्यायची की नाही, ते तू ठरव.