पंचफुलाबाईंच्या कोंबड्या आणि मनातला कचरा

९ नोव्हेंबर, आसगाव
आजपासून रोजनिशी. विनोदने नागपूरहून एक व्हिडिओ पाठवला आहे. सुटातला एक माणूस सांगतो की मन म्हणजे घर, त्यातला कचरा रोज काढला पाहिजे. निगेटिव्ह विचार आला की 'कॅन्सल' म्हणायचं. भेटेल त्याच्याकडे हसून बघायचं. वाद घालायचा नाही. जुन्या आठवणी उकरायच्या नाहीत.
पटलं. मी मुळातच शांत. पंचायत समितीत बाबू होतो, पण कधी आवाज चढवला नाही.
कारण लिहून ठेवतो. ही पोळ्याच्या आधी गेली. दिवाळीत विनोद म्हणाला, बाबा, तुम्ही बोलत नाही, जेवत नाही. महिनाअखेर मी येतो, असेच दिसलात तर नागपूरला नेतो आणि घराला कुलूप लावतो. मुलगा चांगला आहे, पण त्याच्या फ्लॅटमध्ये मला राहायचं नाही. तेव्हा महिनाअखेरपर्यंत प्रसन्न व्हायचं. अवघड वाटत नाही.

१० नोव्हेंबर, सकाळ
आरशात हसलो. सवय नसल्यामुळे गाल दुखला.
शेजारच्या पंचफुलाबाईंच्या कोंबड्या आमच्या सांदवाडीतल्या भाजीत शिरल्या. सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा उकरला, वांग्यांची मुळं उघडी केली. याच कोंबड्यांवरून ही आणि पंचफुलाबाई रोज सकाळी कुंपणाशी भांडायच्या. चहा गॅसवर आटून जायचा. मी आत पेपर वाचत असे. आता ती कटकट संपली.
पंचफुलाबाई कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, भाऊजी, माह्या कोंबड्या शिरल्या जी तुमच्या वाडीत. मी हसून म्हणालो, असू द्या. त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

१३ नोव्हेंबर
पवनीला बँकेचं काम. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. ही जागा नेहमी हिची, असा विचार आला. लगेच 'कॅन्सल' म्हणालो. जरा मोठ्याने झालं. कंडक्टर म्हणाला, काका, फाडलेलं तिकीट कॅन्सल नाही होत, पवनीलेच उतरा.
पद्धत चांगली आहे. फक्त मनात म्हणायची.

१४ नोव्हेंबर
कोंबड्या पुन्हा. कुंपणातली काटी कुणीतरी ओढून मोठी वाट केली आहे. बकरीचं काम असावं.
पंचफुलाबाई पलीकडे उभ्याच होत्या. म्हणाल्या, हाकलत काहून नाही? मी म्हणालो, तेही जीवच आहेत. त्यांनी कोंबड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

१७ नोव्हेंबर
डोमाच्या सासऱ्याची तेरवी. गेलो. येईल त्याच्याकडे हसून पाहिलं. डोमा माझा जुना सहकारी, त्याने मला मांडवाबाहेर नेऊन विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत. त्याला व्हिडिओ पाठवला. अजून उघडलेला दिसत नाही.
बुंदी घेतली नाही. गोड कमी केलं आहे. जेवणही थोडं कमी केलं आहे. हलकं वाटतं.

२१ नोव्हेंबर
पंचफुलाबाईंनी अंगण झाडलं आणि केर कुंपणावरून आमच्या वाळत घातलेल्या धानावर टाकला. वाऱ्याने आला असावा. मी म्हणालो, हरकत नाही. त्या म्हणाल्या, हरकत काहून नाही जी? म्या टाकला ना कचरा. तुमच्या डोळ्यासमोर टाकला.
मी हसलो. त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या.
माझ्या वागण्याचा परिणाम दिसू लागला आहे.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
विनोदचा फोन. आवाज घाबरलेला. पंचफुलाबाईंनी त्याला फोन केला होता. म्हणाल्या, तुया बाप दिवसभर हासून राहिला, बाप्पा. कोंबड्याइलेबी हासते. मले भेव लागून राहिला. काही व्हायच्या आधी ये.
विनोद महिनाअखेरऐवजी परवाच येतो आहे. म्हणाला, बॅग भरून ठेवा. मी 'कॅन्सल' म्हणालो. त्याने विचारलं, काय कॅन्सल? काय सांगणार. फोन ठेवला.
शेजाऱ्याने असं करायला नको होतं. पण मनात राग नाही. अजिबात नाही. भात लागला होता, टाकून दिला.

२६ नोव्हेंबर
आज विनोद येणार म्हणून सकाळीच आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. ओट्यावर शांत बसायचं, तो आला की हसून स्वागत करायचं, असं ठरवलं होतं. सगळं जमत होतं.
पंचफुलाबाई कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, एक बोलू काय भाऊजी? उषाबाई गेली तं गल्ली कशी शांत झाली. भल्लीच तोंडाळ बाई होती. लोकाइले जगू देत नव्हती.
कॅन्सल म्हणायला तोंड उघडलं. निघालं दुसरंच.
मी म्हणालो, उषाला तोंडाळ म्हणायचं नाही. ही वांगी उषाने लावली, आणि तुमच्या कोंबड्यांनी ती एक दिवस सुखाने वाढू दिली नाहीत. उषा तापात होती तरी उठून त्या हाकलत होती. दवाखान्यात नेतानासुद्धा उषा म्हणाली, फाटक लावा, पंचफुलीच्या कोंबड्या येतील. पुढे आणखी बरंच बोललो. ते नीट आठवत नाही. उभा कधी राहिलो तेही आठवत नाही.
पंचफुलाबाई मागे हटल्या नाहीत. म्हणाल्या, मंग इतके दिवस कोठी होते जी तुम्ही? बाई गेली, अन् तुमच्या तोंडातून तिचं नाव नाही निंगालं. म्या रोज कोंबड्या सोडल्या, काटी उपसली, कचरा टाकला. तुमचं आपलं असू द्या, असू द्या. मी भांडू कोणासंग?
धानाचा कोंडा उडत होता. दोघांच्याही डोळ्यांत गेला.
मागे पाहतो तर विनोद बॅग घेऊन गल्लीत उभा. केव्हाचा, कोण जाणे. पंचफुलाबाई त्याला म्हणाल्या, नेऊ नको रे बाप्पा. बरा झाला तुया बाप.
कोंडा त्याच्याही डोळ्यांत गेला होता.

२८ नोव्हेंबर
विनोद एकटाच परत गेला. काल त्याने मला दोनदा भात वाढला, मी खाल्ला. रात्री आम्ही उषाबद्दल बोललो. बहुतेक तोच बोलला. जाताना म्हणाला, राहा इथंच, पण पंचफुलाकाकूंच्या नजरेसमोर राहा.
थोडक्यात, सगळं मी ठरवल्याप्रमाणे झालं. पॉझिटिव्ह विचारांचा गुण.

२९ नोव्हेंबर, सकाळ
कोंबड्या आल्या. तयारीने कुंपणाशी गेलो. नुकसान क्रमाने सांगितलं. आवाजही चढवला. पंचफुलाबाईंनी कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, भाऊजी, तुमचं भांडणं म्हणजे अर्ज वाचून राहिले असं वाटते. उषाबाई असती तं एवढ्या वेळात माह्या माहेरापर्यंत पोचली असती.
पंचफुलाबाईंचं माहेर कोणतं, मला माहीत नाही. डोमाला विचारून ठेवतो.