आत्या सगळ्याला हो म्हणते

१२ सप्टेंबर

लिहीन लिहीन म्हणत अख्खा उन्हाळा घालवला. आज लिहितोय, कारण कुणावर तरी ओरडायचंय आणि कोरियाच्या टोकाच्या या बेटावर ओरडलं की पार वांदो बंदरापर्यंत ऐकू जातं.

इंग्रजी शिकवणाऱ्या वेबसाइटनं आत्याला तिसऱ्या पायरीवर चढवलं! जिला पहिलीचं एक वाक्य धड येत नाही, तिला! शिकवणारी मिस जोव्ही, फिलिपिन्सची, माझ्याहूनही लहान. पण मास्तरीणबाई म्हटल्यावर आत्या पडद्यासमोर कमरेत वाकते, गुडघे मोडून बसते. बाईंनी विचारलं समजलं का, की "येस". पुढे जाऊ या? "येस." समजलं नाही म्हणायचं म्हणजे शिकवणाऱ्याचा अपमान — तिला लहानपणी छडीनं शिकवलंय तसं. आणि तिकडे प्रत्येक येसला हिरवी खूण!

१५ सप्टेंबर

हा खटाटोप कशासाठी ते लिहायचं राहिलंच. मध्येच कप्तानाच्या फेरीबोटीचं इंजिन उघडून बसलो होतो.

आत्याचा एकुलता एक मुलगा ग्वांगसोप गेल्या वर्षी कॅनडात वारला. गाडी बर्फावरून घसरली. बायको हेदर तिकडचीच, पोरगी सोरा सात वर्षांची. दोघींना आपली भाषा येत नाही. २४ ऑक्टोबरला त्याचं पहिलं श्राद्ध. आईनं मुलापुढे वाकायचं नसतं. मी आत्याच्या माहेरचा, त्याच्या नावानं दारूचा पेला ओतायचा मान माझा नाही. उरली सोरा. तिनं तिथूनच, पडद्यावर का होईना, बापाला पेला ओतून नमस्कार करावा — एवढंच आत्याला सुनेकडे मागायचंय. आणि तेही स्वतःच्या तोंडानं. भाषांतराचं यंत्र वापर म्हटलं तर भडकली.

"सुनेशी पहिल्यांदा बोलणार, ते यंत्राच्या तोंडून? मी काय दुकानातून बादली मागवतेय?"

२० सप्टेंबर

चौथी पायरी! आता गटात बसवलं. बाकी सगळे सोलच्या कंपन्यांतले साहेब. विषय काय, तर तिमाही विक्री! आत्या शिंपल्यांच्या जाळ्यांत खाऊ म्हणून समुद्री गवत टाकून थेट येऊन बसलेली, कपाळावर मीठ. एकानं इंग्रजीत विचारलं, कंपनी कुठली. "येस." सगळे हसले. मग एक जण कोरियनमध्ये म्हणाला — म्हणजे तिला नीट समजेल असं — "कुणाची तरी आई खुर्चीत येऊन बसलीय वाटतं."

आत्या उठली, त्याला वाकून नमस्कार केला आणि पुन्हा बसली. तास संपेपर्यंत! मी लॅपटॉप समुद्रात भिरकावणार होतो. तिचा आहे म्हणून वाचला.

वेबसाइटकडे तक्रार केली. उत्तर आलं — प्रगतीबद्दल अभिनंदन!!

२१ सप्टेंबर

आता मीच शिकवणार. मी शाळा अर्ध्यात सोडलेली. माझं इंग्रजी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या फुकट व्हिडिओंतलं. त्यात एक ऑस्ट्रेलियन म्हातारा आहे. पाना उचलतो तेव्हा पाना म्हणतो, फिरवतो तेव्हा फिरव म्हणतो. अशानं दगडालाही इंग्रजी येईल. आत्याला त्याचेच व्हिडिओ दाखवले. मग म्हटलं, आता मला "नो" म्हणून दाखव.

"निघत नाही रे तोंडातून."

"मला तर दिवसभर नाही म्हणतेस."

"तू काय मास्तर आहेस?"

२८ सप्टेंबर

सोराच्या नमस्काराचं वाक्य पाठ झालं. भात धुताना म्हणते, जाळी ओढताना म्हणते. चांगलं म्हणते, च्यायला. पण समोरून काही विचारलं की पुन्हा येस.

४ ऑक्टोबर

वांदोला इंजिनाचा पट्टा आणायला गेलो. धक्क्यावर एक माणूस दोरखंड विणत होता, बघत बसलो. बोट चुकली. मग म्हटलं, राहू दोन दिवस.

नेमका तेव्हाच हेदरचा फोन! आणि घरात आत्या एकटी!

वाक्य म्हणालीस का, विचारलं. म्हणाली, न चुकता. हेदर रडली म्हणे. मग बराच वेळ बोलत होती.

"काय बोलली?"

"मला काय कळतंय."

"मग तू काय म्हणालीस?"

आत्या गवत निवडत राहिली. "येस म्हणाले."

"कितीदा?"

"जितक्यांदा तिनं विचारलं तितक्यांदा. रडणाऱ्या बाईला नाही म्हणू?"

मी बादलीला लाथ मारली. काय विचारलं असेल तिनं? दुसरं लग्न करू का? पोरीचं आडनाव बदलू का? यापुढे फोन नको ना? सगळ्याला येस!

९ ऑक्टोबर

हेदरला मीच लिहिलं, माझ्या ट्रॅक्टरच्या इंग्रजीत. उत्तर आलं — आईंशी सगळं बोललेय, त्यांनी होकार दिलाय, मी त्यांची आभारी आहे.

होकार कशाला?? पुन्हा लिहिलं. काही नाही. आत्याला सांगितलं नाही. गेलो आणि समुद्राला शिव्या घालून आलो.

२३ ऑक्टोबर

आत्यानं मासा वाळवला, नासपती पुसून ठेवली, पडदा ठेवायला पाट मांडला. फोन येणारच म्हणते. मला हे बघवत नाही. उद्या सकाळच्या बोटीनं निघून जाईन.

२४ ऑक्टोबर

गेलो नाही. म्हणजे धक्क्यापर्यंत गेलो. त्याच बोटीतून एक उंच, गोरी बाई उतरली, आणि ग्वांगसोपच्या भिवया लावलेली एक पोर. मागून कप्तान आणि खलाशी सहा पेट्या उतरवताहेत, एक लहान सायकल, आणि पिंजऱ्यात मांजर.

श्राद्धाला कुणी मांजर घेऊन येत नाही.