चांद्याची ढेप

४ ऑक्टोबर १९९१
बायकोचा, बेबाबाईचा, गुडघा कालच्यापेक्षा बरा. सूनबाईचा खोकला उतरला. गाय ठीक, वासरू ठीक. सालदार वेस्ताची टाच अजून चिरलेलीच. आणि आमचा चांद्या बैल? बरगड्या मोजून घ्याव्यात! जंताचं औषध दोनदा झालं. वेस्ता म्हणतो, "आबा, ढेप मी दुप्पट घालस. बठ्ठी खाई टाकस!" सगळी खातो, तर मग एवढी सरकीची पेंड जाते कुठे?

१७ ऑक्टोबर
पारावर तोताराम सगळ्यांसमोर हसला. "आबा, तुमचा बैल वाळतो नि सालदाराच्या शेळ्या तुकतुकीत! ढेपेला पाय फुटले वाटतं."
घरी येऊन ढेपेच्या खोलीला कुलूप घातलं. वेस्तानं पाहिलं.
"आबा, मी चोर शे का?"
मी किल्ली कमरेला खोचली. अकरा वर्षं आमच्याकडे राबलेला माणूस!

१८ ऑक्टोबर
वेस्ता गेला. बायको गुंताबाई, पोरं, शेळ्या — सगळं घेऊन. जाताना गोठा झाडून गेला.

२ नोव्हेंबर
ढेप आता माझ्या हातानं घालतो. चांद्या चाटूनपुसून खातो! तरी वाळतोच.

९ नोव्हेंबर
चांद्या गेला.
धुळ्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी कवटी उघडली. मेंदूच्या तळाशी बोराएवढी गाठ.
म्हणाले, "चरबी किती साठवायची, किती जाळायची, हा हुकूम मेंदूतून सुटतो. धाग्यासारखे मज्जातंतू पार चरबीपर्यंत पोचलेले असतात. गाठ बहुधा त्याच जागी दाबत होती. कितीही घाला, आतल्या आत जळतच होतं."
मी विचारलं, "म्हणजे ढेप ह्याच्याच पोटात जात होती?"
"मग कुठे जाणार, आबा?"
होतो तिथंच मातीत बसलो.

१० नोव्हेंबर
कुलूप विहिरीत टाकलं. आता काय उपयोग!

१५ नोव्हेंबर
साक्रीच्या पुढे, वेस्ताच्या पाड्यावर जाऊन आलो. दार बंद. शेजारची रेशमा म्हणाली, "ऊसतोडीला गुजरातेत गेले." कुठे, ते तिलाही ठाऊक नाही. ओठावरची माफी तशीच घेऊन परत आलो.

२८ नोव्हेंबर
वेस्ताचं कार्ड. मुकादमाकडून लिहून घेतलेलं.
"आबा, तुमची तब्येत कशी? अक्काचा गुडघा? वहिनीचा खोकला? वासरू? माझी टाच बरी. चांद्या सुधारला का? त्याला दुपारी मी माझ्या वाटची भाकर द्यायचो, ते सांगायचं राहिलं. ती बंद करू नका. बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल — त्याचं लवकर लिहा."