तळ्यात चौदा ट्रक

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा (वय एकसष्ट, पण तुझ्यापुढे कायम सहा) शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजी कानाचं यंत्र कानात घालतात, की अजून डबीतच सांभाळतात? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. माझी पाठ तेवढी धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच. गेल्या महिन्यात तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी 'नंतर करतो' म्हणून ठेवून दिला, त्याचा राग धरू नकोस. घरावर काय प्रसंग गुदरला होता तो आता सविस्तर लिहितो. (फोनवरही सांगता आला असता, पण फोनवर तू मध्येच हसतेस.)

तुला ठाऊकच आहे, बत्तीस वर्षं मी बस चालवली आणि कुणाच्या सायकलीलासुद्धा ओरखडा काढला नाही. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी मी जेवताना पानापुढे बसून गिअर टाकायला लागलो. ते पाहून लेकीने, नोकरीच्या गावी जाताना, आपला खेळायचा कॉम्प्युटर माझ्या हवाली केला. टेबलावर तीन स्क्रीन, पुढ्यात चाक, पायाशी पेडल, आणि खेळ ट्रक चालवण्याचा. 'जन्मभर गाडी हाकून पोट भरलं नाही वाटतं,' असं तुझी भावजय म्हणाली, पण तिला काय कळणार? (ती जन्मात सायकलवरही बसलेली नाही.) आमच्या डेपोतले जुने ड्रायव्हर आता चार गावांत पांगलेत. दर रविवारी दुपारी तीनला सगळे आपापल्या घरून या खेळात जमतात आणि कानाला हेडफोन लावून, गप्पा मारत, बावीस ट्रकांचा काफिला काढतात. एकही अपघात नाही या पुण्याईवर म्होरक्या मी. मी पुढे, बाकीचे माझ्या मागे.

तर मागच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, तळ्याकाठच्या वळणावर एक ट्रॅक्टर आडवा आला. मी करकचून ब्रेक दाबला आणि तिन्ही स्क्रीन काळे! बरं, आवाज चालू. इंजिन घरघरतंय, कानात कोणीतरी विचारतंय, 'उस्ताद, डावीकडे घेताय का?' आणि मला दिसतंय काय, तर काळ्या काचेत माझंच तोंड. चार सेकंदांनी चित्र परत आलं तेव्हा मी पाण्यात होतो. (आत मासेसुद्धा काढलेत गं, इतकं बारीक काम.) मागच्यांना वाटलं, उस्तादांना आडवाट माहीत असणार. त्यांनी माझ्यामागोमाग उड्या घेतल्या. माझा धरून चौदा ट्रक तळ्यात. आठ वाचले, कारण ते आठजण चहाला उठले होते.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण टॉपगिअर म्हणून आमच्यात एक आहे (माझ्याच हाताखाली शिकला, पण वरचा गिअर सोडून दुसरा टाकताना मी त्याला कधी पाहिलं नाही), तो हळूच म्हणाला, उस्तादांचा डोळा लागला असेल, वयच आहे. मग असं ठरलं की पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी काफिला त्याच वळणावरून नीट नेऊन दाखवायचा, नाहीतर म्होरक्या बदलायचा. अक्का, माझा डोळा लागला नव्हता. पण काळ्या पडलेल्या काचेची साक्ष कोण मानतो? दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

मग दुरुस्ती सुरू झाली. जावयांनी फोनवरून निदान केलं की ग्राफिक्स कार्ड तापतंय. म्हणून पेटीचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला. पेटी गार झाली, मला सर्दी झाली, स्क्रीन जायचे ते गेलेच. मग मी स्वतः मागच्या अकरा वायरी काढून पुन्हा बसवल्या, तर एक उरली. (ती कशाची हे अजून कळलेलं नाही. पण तिच्यावाचून सगळं चालतंय, म्हणून जपून ठेवली आहे.) वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी आपला तो बारका आरसा आणून एकेका भोकात घातला आणि कीड नाही म्हणून सांगितलं. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. गंभीर माणूस, हसायचा म्हणून नाही. त्याने वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला, वायरी नव्या घातल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून दोन तास माझाच ट्रक डोंगरावर चढवला. एकदाही काळं झालं नाही. तो उठून चपला घालतोय तोवर मी खुर्चीत बसून पहिला ब्रेक मारला, तर तिन्ही काळे. तो चपला काढून परत आला, स्टुलावर बसला, सगळं लख्ख. असं तीनदा झालं. मग तो म्हणाला, "काका, राग मानू नका, पण हे मशीन तुम्हालाच घाबरतं."

हे मात्र मला लागलं. तो गेल्यावर मी कशालाही हात न लावता खुर्चीतून ताडकन उठलो. तिन्ही स्क्रीन काळे! तुझी भावजय तिथेच इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली.

"अहो, परत बसा बरं."

मी धपकन बसलो. काळे.

"आता हळू उठा."

काही नाही.

"आता बसा, मघासारखं."

काळे! अशा तिने माझ्याकडून वीस उठाबशा काढून घेतल्या. (पाठ धरली ती ही.) दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याचा विश्वास बसेना. तो आला, स्वतः खुर्चीत धपकन बसला, स्क्रीन गेले, आणि तो गंभीर माणूस पोट धरून हसला. म्हणाला, खुर्ची वरखाली करायचा जो गॅसचा दांडा असतो, त्याच्यावर वजन एकदम आलं किंवा त्याच्यावरून एकदम उठलं की एखाद्या खुर्चीत विजेचा बारीक झटका उडतो, आणि स्क्रीनच्या वायरी तो झेलतात. मी विचारलं, मग खेळतानाच का? तो म्हणाला, ब्रेक मारून दाखवा. मी मारला. पाठीमागे साठ माणसं बसलेली असल्यासारखा, सीटवरून अर्धा उठून, अख्ख्या अंगाने. बत्तीस वर्षांत दुसरा ब्रेक मला माहीतच नाही.

आता अक्का, ती खुर्ची. कसं लिहू? ती माझ्या निवृत्तीला तू दिलेलीच. तुझा यात काडीचा दोष नाही, खुर्ची दिसायला देखणी आणि बसायला लोण्यासारखी आहे. आता ती बाहेरच्या खोलीत मानाने ठेवली आहे आणि मी तिच्यावरच बसून हे लिहितोय.

ठरलेल्या रविवारी जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घेतली. तीनला काफिला निघाला, आमचा ट्रक पुढे. तळ्याचं वळण आलं, ट्रॅक्टरही आला, ब्रेक लागला, तिन्ही स्क्रीन जागच्या जागी. बावीसच्या बावीस ट्रक बंदरावर कोरडे पोचले. टॉपगिअरने सगळ्यांदेखत "मानलं!" म्हटलं. माझे डोळे भरून आले, पण ते कोणाला दिसत नाही, हा या खेळाचा एक फायदा. भावोजींना नमस्कार, लहानांना गोड पापा, तुझ्या गुडघ्याला तेल.

तुझा,
धाकटा

ता. क. वर 'आमचा ट्रक' असं लिहिलंय, ते मुद्दाम लिहिलंय. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. वळण दिसताच मी चाकावरचे हात काढून घेतले. ही शेजारी उभी होती. 'सरका' म्हणाली, अर्ध्या खुर्चीवर टेकली आणि चाक धरलं. ब्रेक तेवढा माझा. वळण संपल्यावर मी चाक मागितलं तर 'मध्ये बोलू नका' म्हणाली, ती थेट बंदरापर्यंत.

ता. क. दुसरा. आता सगळ्यांनी (हेडफोनवर तिचं 'सरका' ऐकलं होतंच) एकमताने तिलाच म्होरकी केलंय. माझ्या वाट्याला चाक येतं मंगळवारी, ती बाजारात गेली की. ती तुझा शब्द मोडत नाही. आठ दिवस येऊन राहा आणि तिला समजाव. पत्र लिहायचं खरं कारण हेच.

ता. क. तिसरा (माझ्या, म्हणजे तुमच्या भावजयीच्या, अक्षरात). वन्सं, पत्र पाकिटात घालायला दिलं म्हणून वाचलं. अवश्य या. पण आधी तुमच्या मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढून तो चालतो का बघा. तेविसावा ट्रक तुमच्यासाठी धरून ठेवलाय, रंग कोणता हवा ते कळवा. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.